आठ जीबी बसवली, पण दिसते चारच

रॅमची, म्हणजे चालू काम सांभाळणाऱ्या मेमरीची, चार जीबीची दुसरी स्टिक आणून बसवली, कॉम्प्युटर नीट सुरूही झाला, पण ‘धिस पीसी’च्या प्रॉपर्टीजमध्ये आकडा जुनाच. किंवा आकडा आठ दिसतो आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘३.४१ जीबी युजेबल’, म्हणजे वापरता येण्याजोगी, असं असतं. किंवा काल आठ होती, आज चार झाली, आणि कॅबिनेट पुसताना जरा हललं की परत आठ. किंवा आठच्या जागी ५.९ असा कुठल्याच हिशोबात न बसणारा आकडा. कधी कधी तर आकड्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि टॅली एकदम उघडलं की मशीन गपगार होतं, आणि घरचे म्हणतात, कॉम्प्युटर म्हातारा झाला.

ही लक्षणं एकसारखी वाटली तरी त्यांची कारणं वेगळी आहेत. ओळखीच्यांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर बघणं मी बरीच वर्षं करतोय. अशोक चौक, साखर पेठ, घोंगडे वस्ती, जुळे सोलापूर, विडी घरकुल, सगळीकडे हा एकच दोष मी इतक्या वेळा काढलाय की आता आधी कॅबिनेट उघडतच नाही. आधी दोन आकडे बघतो. तुम्हीही तेच करा. नवी स्टिक घ्यायला पैसे काढण्याआधी तर नक्कीच.

पहिला आकडा बायोसचा

बायोस म्हणजे विन्डोजच्याही आधी मदरबोर्डवरून (आतला मुख्य बोर्ड, पुढे नुसतं ‘बोर्ड’ म्हणतो) सुरू होणारा छोटा प्रोग्राम. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच डिलीट बटण टकटक दाबत राहा. काही मशीनवर एफ-२ असतं. निळा किंवा काळा स्क्रीन येतो, त्यात पहिल्याच पानावर ‘टोटल मेमरी’ किंवा ‘मेमरी साईझ’ दिसते. तो आकडा कागदावर लिहा. काहीही न बदलता बाहेर पडा, विन्डोज सुरू होऊ द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. विन्डोज १० किंवा ११ असेल तर एकूण आकडा, किती स्लॉट (बोर्डावरच्या स्टिक बसवायच्या जागा) वापरात आहेत ते, आणि ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ असा तिसरा आकडाही इथे दिसतो. हे सगळं पहिल्या आकड्याशेजारी लिहा.

या दोन आकड्यांवर पुढचं सगळं ठरतं. बायोसमध्ये पूर्ण आठ आणि विन्डोजमध्ये कमी, तर स्टिक, स्लॉट, बोर्ड सगळं ठीक आहे. अडचण विन्डोजमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे, स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू नका. बायोसमध्येच चार दिसत असतील, तर विन्डोज दहा वेळा नव्याने टाकूनही फरक पडणार नाही, कारण बोर्डालाच जे दिसत नाही ते विन्डोजला कुठून दिसणार? लोकांचा सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया गेलेला मी पाहिलाय. बायोसमध्ये कमी दिसत असताना फॉरमॅट मारून फोटो आणि हिशोब घालवलेले पाहिलेत, आणि बायोसमध्ये पूर्ण दिसत असताना चांगली स्टिक ‘खराब’ म्हणून बदललेलीही पाहिली.

बायोसमध्ये पूर्ण, विन्डोजमध्ये कमी

युजेबल ३ ते ३.५ जीबीच्या आसपास असेल, तर जवळजवळ खात्रीने विन्डोज ३२-बिट आहे. प्रॉपर्टीजमध्ये ‘सिस्टिम टाईप’ या ओळीत ते लिहिलेलं असतं. ३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते मावतात. प्रत्येक पत्त्यावर एक बाईट, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्या पत्त्यांतूनच ग्राफिक्स, नेटवर्क आणि बाकीच्या उपकरणांनाही जागा द्यावी लागते. चाळीत चाळीसच खोल्या आहेत आणि त्यातल्या पाच-सहा पंप, मीटर आणि वॉचमनसाठी राखलेल्या, असं समजा. मग भाडेकरू कितीही आणा, राहिलेल्या खोल्यांत मावतील तेवढेच राहणार. म्हणून आठ बसवा नाहीतर सोळा, ३२-बिट विन्डोज साडेतीनच्या आसपासच थांबतं.

याला उपाय एकच, ६४-बिट विन्डोज. ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. त्यामुळे आधी बॅकअप, आणि तोही दोन ठिकाणी. जुना प्रिंटर, जुना स्कॅनर, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (परवान्याची किल्ली) यांचे ६४-बिट ड्रायव्हर (ते यंत्र विन्डोजला ओळखू देणारं सॉफ्टवेअर) मिळतात का ते आधी बघा. झेरॉक्सच्या छोट्या दुकानात नेमकं इथेच अडतं. एका दुकानदाराला मी स्वतः सांगितलं, राहू द्या ३२-बिट, कारण त्याचा रोजचा धंदा ज्या प्रिंटरवर होता त्याचा नवा ड्रायव्हरच नव्हता. विन्डोज ११ मात्र ३२-बिटमध्ये येतच नाही, आणि विन्डोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही निर्णय घेताना लक्षात असू द्या.

अजूनही विन्डोज ७ वापरणारी घरं आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. ६४-बिट असलं तरी होम बेसिक ८ जीबीपर्यंतच वापरतं, होम प्रीमियम १६ पर्यंत. ही मर्यादा त्या आवृत्तीतच आहे, दोष नाही.

विन्डोज ६४-बिट आहे आणि तरीही कमी दिसतंय? मग विन्डोजचं बटण आणि आर दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एमएसकॉन्फिग (msconfig) टाईप करा. बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे ‘मॅक्झिमम मेमरी’ची चौकट आहे. तिच्यात टिक असेल तर काढा, ओके करा, मशीन रिस्टार्ट करा. टिक मारली की मशीन वेगवान होतं असा समज व्हिडिओंमुळे पसरलाय. प्रत्यक्षात त्या टिकमुळे विन्डोजला वरची मर्यादा घातली जाते. जुळे सोलापुरात एक ताई घरून हिशोबाची कामं करतात. त्यांच्या भावाने कधीतरी ४ जीबी असताना ही टिक मारली होती, आकडा ४०९६ वर गोठला. दोन वर्षांनी आणखी चार जीबी घातली तरी विन्डोज चारच दाखवायचं. दुकानातून स्टिक दोनदा बदलून आणली होती. टिक काढायला अर्धा मिनिट लागलं.

आठच्या जागी ५.९ किंवा ६.९ दिसत असेल, तर ती रॅम हरवलेली नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की पडद्यावरच्या चित्रासाठी प्रोसेसर याच रॅममधून वाटा घेतो. रायझनच्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरमध्ये हा वाटा २ जीबीपर्यंत राखलेला मी बऱ्याच मशीनवर पाहिलाय. ‘हार्डवेअर रिझर्व्हड’चा आकडा तोच. बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर’ असं सेटिंग असतं, ते ऑटो किंवा ५१२ एमबी करून बघा. घरात गेम खेळणारं पोर असेल तर त्याला विचारून करा, कारण तो वाटा त्याच्या कामाचा असतो.

जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये आणखी एक सेटिंग सापडतं, ‘मेमरी रीमॅप’. ते डिसेबल्ड असेल तर उपकरणांच्या पत्त्यांखाली झाकली गेलेली रॅम ६४-बिट विन्डोजलाही मिळत नाही. एनेबल्ड करा.

बायोसमध्येच कमी : आता कॅबिनेट उघडा

घोंगडे वस्तीत टॉवेलचा एक छोटा कारखाना आहे. घराच्या मागच्या खोलीत माग, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर मालकांचा मुलगा टॉवेलची डिझाईन काढतो. मालक दारातच म्हणाले, “दोनदा बदललं की ओ रॅम, तरी आठचं चारच दाखवतंय बघा.” झाकण काढलं. आत, स्लॉटच्या दोन्ही कडांवर, पंख्याच्या पात्यांवर, केबलींच्या वळणांत सुताची लव बसलेली. वरून पांढरी, खालून तेलकट राखाडी. दुसरी स्टिक काढून स्लॉटमध्ये टॉर्च मारला तर मधल्या खाचेपाशी लवेचा एक धागा आडवा पडलेला होता, नखाएवढा. नवी स्टिक बसवली की दर वेळी तोच धागा पिनांच्या मधे दाबला जायचा.

यंत्रमाग ज्या घरात किंवा शेजारी आहे, तिथे हा दोष मला सगळ्यात जास्त सापडतो. उन्हाळ्यात तर खिडक्या सताड उघड्या, पंखे फुल, आणि पारा चाळीसच्या वर. ती लव थेट कॅबिनेटमध्ये ओढली जाते. त्यातली गरमी आणि गारवा यांनी पितळी-सोनेरी संपर्कांवर बारीक थरही येतो. स्टिक मेलेली नसते, तिचा बोर्डाशी संपर्क तुटलेला असतो. ‘कॅबिनेट हलवलं की आठ होते’ या लक्षणाचा अर्थ बहुतेक वेळा हाच.

साफ करायची पद्धत सांगतो, ती घाई न करता करा. मशीन शटडाऊन करा, मागची वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत राहिलेला प्रवाह निघून जातो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात, अंगावरच्या स्थिर विजेची ठिणगी चिपला मारू शकते. हा नियम पाळताना कंटाळा करू नका.

स्लॉटच्या टोकांचे खटके बाहेर दाबले की स्टिक वर येते. काही बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो. स्टिक कडेने धरा, चिपांना बोट लावू नका. पांढरा, मऊ, शाळेत वापरतात तो खोडरबर घ्या. शाईचा खरखरीत नको, त्याने सोनेरी मुलामा निघतो. सोनेरी पिनांवर एकाच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. रबराच्या पांढऱ्या कडेवर काळपट रेघा उमटलेल्या दिसतील, तोच तो थर. मग रबराचा भुगा मऊ ब्रशने झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर सुती कापडावर दोन थेंब घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्लॉटमध्ये रबर घालू नका, ओलं कापड नको, तोंडाने फुंकर तर अजिबात नको, तिच्यातून थुंकी जाते. कोरडा, स्वच्छ, नवा रंगाचा ब्रश लांबीच्या दिशेने फिरवा आणि हवेचा पंप असेल तर त्याने उडवा.

बसवताना स्टिकवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा, खटका ‘टक्’ करून आपोआप बंद झाला पाहिजे. हाताने खटका लावून घेतलात तर स्टिक वर राहिलेली असते, एक टोक बसतं आणि दुसरं अधांतरी राहतं. घरी बसवलेल्या स्टिकमध्ये ही चूक मला फार दिसते, कारण लोक भीतीने जोर लावत नाहीत. बोर्ड किंचित वाकतो, त्याने घाबरू नका.

स्टिक आणि स्लॉट अदलाबदल

साफ करूनही आकडा तोच राहिला तर कागद घ्या. स्टिकवर पेन्सिलने एक आणि दोन लिहा. आधी फक्त पहिली स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये, मग तीच दुसऱ्यात. नंतर दुसरी स्टिक दोन्हीत. चार वेळा बायोसचा आकडा लिहायचा. दोष स्टिकबरोबर फिरला तर स्टिक खराब. दोष एकाच स्लॉटपाशी राहिला तर स्टिक चांगली आहे, ती बदलायला नेऊ नका. इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्याच तपासणीतून मिळत नाही, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

चार स्लॉटचा बोर्ड असेल आणि दोनच स्टिक असतील, तर बहुतेक बोर्डांना त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्या असतात. बोर्डावरच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

स्टिक चांगली, स्लॉट चांगला, पण जोडी जमत नाही

इथे थोडं थांबून सांगतो, कारण गरीब घरांचं नुकसान इथे जास्त होतं. विडी घरकुलात एका मुलाने आईच्या विड्यांच्या मजुरीतून साठवलेल्या पैशांत जुना कॉम्प्युटर घेतला होता, टायपिंगच्या परीक्षेच्या सरावासाठी. बोर्ड जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, तिच्यावरून बोर्डाची पिढी कळते), रॅम डीडीआर३ प्रकारची. वापरलेली चार जीबीची स्टिक घेऊन त्याने बसवली. बोर्डाला ती अर्धीच दिसायची, कधी चालूच व्हायचं नाही. स्टिक उलटसुलट करून चिपा मोजल्या. एकाच बाजूला आठ. जी४१ ला चार जीबीची स्टिक हवी असेल तर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपांची लागते, कारण त्या काळच्या मेमरी कंट्रोलरला (रॅमशी बोलणाऱ्या भागाला) २ गिगाबिटपेक्षा दाट चिप हाताळता येत नाही. दुकानदाराने सोळा चिपांची बदलून दिली आणि प्रश्न मिटला. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून मला एवढंच वाटलं की हे त्याला घेण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

म्हणून स्टिक घेण्याआधी बोर्डाचा मॉडेल नंबर बघा. तो बोर्डावरच, स्लॉटच्या जवळपास मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्यावरून किती रॅम चालते ते निर्मात्याच्या साईटवर कळतं. सध्या सेकंडहँड बाजारात सगळीकडे दिसणारे एच६१ चे बोर्ड दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबीपर्यंत जातात. जी४१ चे ८ वर थांबतात. स्वस्तात मिळणारी ‘फक्त एएमडी’ अशी डीडीआर३ स्टिक इंटेलच्या बोर्डावर चालत नाही, ती कितीही चांगल्या भावात मिळो, घेऊ नका.

स्टिकवरचं लेबल हाही पुरावा नाही. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधली स्टिक स्वतःबद्दल काय सांगते ते दिसतं. लेबल आठचं आणि एसपीडी चारचं, तर लेबल बदललेलं आहे. त्याच दिवशी परत न्या.

बायोसची बॅटरी आणि अपडेट

कॅबिनेट उघडंच आहे तर बोर्डावरचा नाण्यासारखा गोल सेल बघा, सीआर२०३२. मशीनची तारीख वारंवार मागे जात असेल तर तो संपलाय. वायर काढलेली असताना तो पाच मिनिटं बाहेर ठेवा, नवा घाला. बायोसची सेटिंग मूळ स्थितीला येतात, आणि कधी कधी रॅमची चुकीची साठवलेली मोजणीही पुसली जाते. तारीख आणि वेळ पुन्हा भरा, आणि आधी बायोसमध्ये काही बदल केले असतील तर तेही.

नवीन बोर्डावर बायोस अपडेट केल्याने काही स्टिक ओळखल्या जातात, हे खरं. पण अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड मरतो. घरात चालता यूपीएस नसेल, किंवा त्याची बॅटरी दोन मिनिटंही तग धरत नसेल, तर हे घरी करू नका. पावसाळ्यातल्या संध्याकाळी तर यूपीएस असला तरी नको.

इथे थांबा

चार अदलाबदलींत दोष स्लॉटपाशीच राहिला, तर पुढची जागा प्रोसेसरचं सॉकेट. इंटेलच्या पहिल्या आय-मालिकेपासून मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, म्हणून सॉकेटमधली एक पिन वाकली तरी एका बाजूचे स्लॉट आंधळे होतात. एलजीए ११५५ सॉकेटमध्ये १,१५५ पिना असतात, केसापेक्षा फार जाड नाहीत. कूलर वाकडा बसला असेल तर त्याचा एकतर्फी दाबही हेच करू शकतो. कूलरचे चारही पाय खाली बसलेत का एवढं डोळ्यांनी बघा, पण तो काढू नका. पिन सरळ करायला भिंग, टोकदार चिमटा आणि सवयीचा हात लागतो. मी स्वतः हे काम घरच्या टेबलावर करत नाही, चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडे पाठवतो.

त्याखेरीज आणखी काही ठिकाणी लगेच हात काढा. स्लॉटमध्ये किंवा स्टिकवर काळा डाग आणि जळका वास, बोर्डावरच्या उभ्या नळकांड्यांची डोकी फुगलेली, एकच स्टिक लावूनही लांब बीप थांबत नाही, मशीन वॉरंटीत आहे आणि कॅबिनेटवर सील आहे. आणि लॅपटॉप. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते, ती बदलायचा प्रश्नच येत नाही. स्लॉट असला तरी आधी बॅटरीची वायर सोडवावी लागते.

आकडा पूर्ण दिसतो पण मशीन अधूनमधून निळ्या स्क्रीनवर पडतं, तर विन्डोजच्या शोधात मेमरी डायग्नोस्टिक टाकून तपासणी लावा. एरर आली तर एकेक स्टिक लावून कोणती ते शोधा आणि तेवढीच बदला.

दुरुस्तीला नेताना तुमचा कागद बरोबर न्या : बायोसचा आकडा, विन्डोजचा आकडा, चार अदलाबदलींचा निकाल. हे दाखवलं की चांगला कारागीर पहिला अर्धा तास वाचवतो, आणि ‘रॅम गेलीय’ असं न बघता कुणी सांगू शकत नाही. देण्याआधी स्टिकवरच्या लेबलचा मोबाईलने फोटो काढा, सिरियल नंबर दिसेल असा. परत घेताना तुमच्यासमोर मशीन चालू करून बायोसचं पहिलं पान दाखवायला सांगा, विन्डोजचं नव्हे. नवी स्टिक घेतलीत तर बिलावर तिचा सिरियल लिहून घ्या आणि बिलाचा फोटोही ठेवा, कारण रॅमला बऱ्याचदा अनेक वर्षांची वॉरंटी असते आणि थर्मल कागदावरची शाई तोवर उडून जाते.